व्हर्जिनियाचा प्रश्न

न्यूयॉर्कच्या ‘द सन’ या दैनिकात २१ सप्टेंबर १८९७ रोजी एक स्फुट छापून आले. त्याखाली लिहिणाऱ्याचे नाव नव्हते आणि पानावर त्याला मानाची जागाही नव्हती; बिनसाखळीच्या नव्या सायकलीविषयीच्या मजकुराच्याही खाली ते बसवलेले होते. नाताळ अजून तीन महिने लांब होता. मॅनहॅटनमध्ये राहणाऱ्या व्हर्जिनिया ओ’हॅन्लन नावाच्या आठ वर्षांच्या मुलीचे पत्र आणि त्याला संपादकीय उत्तर, एवढाच तो मजकूर. मुलीचे म्हणणे असे की, तिच्या सोबत्यांपैकी काही जण सांताक्लॉज नाहीच म्हणतात. वडील मात्र म्हणतात, ‘सन’मध्ये छापून येते ते खरे असते. तेव्हा सांताक्लॉज आहे की नाही, खरे काय ते सांगा.

हे वडील कोण होते, तर डॉ. फिलिप ओ’हॅन्लन. मृत्यूची सरकारी चौकशी करणाऱ्या कॉरोनरच्या हाताखाली ते काम करीत. मेलेल्या माणसाच्या मरणाचे खरे कारण शोधणे हा ज्यांचा रोजचा व्यवसाय, त्यांनी स्वतःच्या मुलीच्या सरळ प्रश्नाचे घोंगडे वर्तमानपत्राच्या गळ्यात टाकले. वर्तमानपत्रात ते फ्रान्सिस फार्सेलस चर्च यांच्या टेबलावर आले. चर्च यांनी अमेरिकन यादवी युद्धाचे वार्तांकन केले होते. त्यांना मूलबाळ नव्हते, आणि हे काम त्यांनी कुरकुरतच हाती घेतले असे त्यांच्या सहकाऱ्याने पुढे लिहून ठेवले आहे. चर्च यांचे उत्तर थोडक्यात असे : तुझे सोबती चुकतात, त्यांना या संशयी काळाची बाधा झाली आहे, प्रेम आणि औदार्य जसे आहे तसाच सांताक्लॉज आहे, तो कुणी पाहिला नाही म्हणून तो नाही असे होत नाही.

इंग्रजी वृत्तपत्रांच्या इतिहासात सर्वाधिक वेळा पुनर्मुद्रित झालेले संपादकीय म्हणून या स्फुटाचा उल्लेख होतो. भाषा सुरेख आहे यात वाद नाही. पण मी ते जितक्या वेळा वाचले तितक्या वेळा मला एकच गोष्ट खटकली. मुलीने विचारले होते की, रात्री घरात येऊन मोज्यांत भेटी ठेवणारा माणूस आहे का. उत्तर मिळाले ते प्रेम नावाची गोष्ट आहे का, या वेगळ्याच प्रश्नाचे. जो प्रश्न विचारला त्याला बगल देऊन जो विचारला नाही त्याचे सुंदर उत्तर देणे याला आपल्याकडे वेळ मारून नेणे म्हणतात.

आणि ज्या ‘सन’च्या सत्यवचनाची ग्वाही वडिलांनी दिली, त्याची पूर्वपीठिका पाहण्यासारखी आहे. याच दैनिकाने ऑगस्ट १८३५मध्ये सहा लेखांची एक मालिका छापली होती. प्रख्यात खगोलशास्त्रज्ञ जॉन हर्शेल यांना दक्षिण आफ्रिकेतून एका प्रचंड दुर्बिणीतून चंद्रावर वटवाघळाचे पंख असलेली माणसे आणि दोन पायांवर चालणारे बीव्हर दिसल्याचे त्यात सविस्तर वर्णन होते. सगळीच लोणकढी थाप. हर्शेल यांना त्याचा पत्ताही नव्हता. १८४४मध्ये याच पत्राने एडगर ॲलन पो याची, अटलांटिक महासागर बलूनमधून तीन दिवसांत ओलांडल्याची थाप बातमी म्हणून छापली. मोठ्यांना थापा पचवण्याची सवय लावणाऱ्या पत्राकडे लहान मुलीने खरे-खोटे विचारायला यावे, हा योग गमतीचा खरा.

आईबापांनी मुलांचा अशा सणासुदीच्या काल्पनिक पाहुण्यांवरचा विश्वास वाढवावा का, हा वाद अमेरिकेत आणि युरोपात शंभराहून अधिक वर्षे चालू आहे. गेली काही वर्षे मी त्याचा माग काढत आहे. आपल्याकडच्या वाचकाला सांताक्लॉज म्हणजे दुकानाच्या दारात चॉकलेटे वाटणारा लाल डगल्यातला माणूस एवढाच ठाऊक असतो, म्हणून एक खुलासा करायला हवा. तिकडच्या घरांत ही नुसती गोष्ट नसते. रात्री ठेवलेल्या बिस्किटांतले अर्धे सकाळी कुणीतरी खाल्लेले असते. भेटीवरचे अक्षर आईच्या अक्षराहून मुद्दाम वेगळे काढलेले असते. मुलाने उत्तर ध्रुवाला पाठवलेल्या पत्राला उत्तरही येते. म्हणजे गोष्ट सांगितली जाते आणि शिवाय तिचा पुरावाही तयार केला जातो. वाद आहे तो या पुराव्यामुळे. आणि माग काढताना माझ्या ध्यानात येत गेले ते हे की, या वादाच्या प्रत्येक फेरीत मूल पहिल्या वाक्यात येते आणि दुसऱ्या वाक्यापासून मोठी माणसे स्वतःबद्दल बोलू लागतात.

मुळात हा सण मुलांचा नव्हता. मॅसॅच्युसेट्समधल्या प्युरिटन मंडळींनी १६५९मध्ये नाताळ साजरा करण्यास बंदी घातली होती आणि पाच शिलिंग दंड ठेवला होता. ती बंदी १६८१मध्ये उठली. बंदी धर्मनिष्ठेपायी होती हे खरे, पण नाताळ म्हणजे तेव्हा दारू, दंगा आणि श्रीमंतांच्या दारात जाऊन हक्काने खाणेपिणे मागणारी टोळकी, हेही तितकेच खरे. आपल्याकडच्या शिमग्याची आठवण व्हावी असा प्रकार. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी न्यूयॉर्क झपाट्याने वाढत होते आणि हा दंगा तिथल्या प्रतिष्ठितांना सोसेना. जॉन पिंटार्ड या न्यूयॉर्कच्या बड्या व्यापाऱ्याच्या पत्रांत या गोंगाटाची तक्रार आहे. याच पिंटार्ड यांनी १८१०मध्ये तिथल्या इतिहास मंडळात संत निकोलसच्या नावाने मेजवानी सुरू केली. क्लेमंट मूर हे धर्मशास्त्राच्या विद्यालयातले प्राध्यापक आणि मोठे जमीनमालक. सांताक्लॉजचे आजचे रूप ज्या कवितेने घडवले ती २३ डिसेंबर १८२३ रोजी ट्रॉय गावच्या पत्रात निनावी छापून आली आणि पुढे मूर यांनी ती आपल्या संग्रहात घेतली. (हेन्री लिव्हिंग्स्टन यांच्या वंशजांनी ती आपल्या पूर्वजाची असल्याचा दावा केला आहे; त्या भांडणात इथे शिरत नाही.) स्टीफन निसेनबॉम या इतिहासकाराने १९९६मध्ये ही सगळी संगती लावून दाखवली आहे. रस्त्यावरचा सण घरात आणायचा होता. दारात येणाऱ्या भणंगांऐवजी धुराड्यातून येणारा गोड म्हातारा हवा होता, आणि घ्यायला मालकाच्या दारात उभ्या राहणाऱ्या गरिबांच्या जागी घरातलीच मुले बसवायची होती. मुलांनी काही मागितले नव्हते. त्यांना त्या जागी बसवले गेले.

भेटीबरोबर छडीही आली, तीसुद्धा पहिल्यापासून. १८२१मध्ये न्यूयॉर्कमध्येच मुलांसाठी एक चिमुकले सचित्र पुस्तक निघाले होते. रेनडियर जोडलेल्या गाडीतला सांताक्लॉज त्यात दिसतो. पुस्तकाच्या शेवटी मात्र हट्टी मुलांसाठी हा पाहुणा एक लांब काळी छडी ठेवून जातो आणि ती चालवायची आईबापांनी. ऑस्ट्रियाच्या डोंगराळ भागात संत निकोलसबरोबर शिंगे आणि साखळ्या घेतलेला क्राम्पुस फिरतो. २००५मध्ये अमेरिकेत एक पुस्तक आणि त्याबरोबर एक बाहुला विकायला आला. हा बाहुला डिसेंबरभर फळीवर बसून मुलावर नजर ठेवतो आणि रात्री सांताक्लॉजकडे चुगली करायला जातो. सकाळी त्याची जागा बदललेली दिसावी म्हणून आईबाप झोप मोडून उठतात. आपण मुलांना जेवू घालताना बागुलबुवा वापरतो तो एकटाच. त्यांनी बागुलबुवाला पांढरी दाढी लावून त्याच्या हातात खेळणे दिले आहे, एवढाच फरक. विश्वास वाढवण्यामागे पुष्कळदा शिस्तीची सोय असते, हे या वादातले कुणी फारसे मोठ्याने बोलत नाही.

आता १९४५ सालच्या नोव्हेंबरकडे येतो. ब्रॉक चिझम हे कॅनडाच्या आरोग्य खात्याचे सर्वोच्च सनदी अधिकारी होते. अठराव्या वर्षी साधा शिपाई म्हणून पहिल्या महायुद्धात गेले, जखमी झाले, मिलिटरी क्रॉस मिळवून परतले, मग डॉक्टर आणि मानसोपचारतज्ज्ञ झाले. दुसऱ्या महायुद्धात कॅनडाच्या लष्कराची सगळी वैद्यकीय सेवा त्यांच्या हाताखाली होती. ओटावातल्या एका भाषणात ते म्हणाले की, सांताक्लॉज एका रात्रीत जगातल्या सगळ्या धुराड्यांतून उतरतो हे जे मूल केवळ बाप म्हणतो म्हणून अक्षरशः खरे मानते, त्याच्या विचारशक्तीला कायमची इजा होते. असे मूल मोठेपणी अवघड काम समोर आले की पाठ दुखते म्हणणार आणि युद्ध दारात आले की वास्तवाकडे पाहायला नकार देणार.

देशभर गहजब झाला. वर्तमानपत्रांतून पत्रांचा मारा झाला, राजीनाम्याची मागणी झाली. चिझम यांच्या विक्षिप्तपणाची ही गोष्ट आजही डिसेंबरात हसत हसत सांगितली जाते. मला ती हसण्यासारखी वाटत नाही. हिरोशिमाला तेव्हा तीन महिने झाले होते. खंदकांतून वाचलेला आणि तीस वर्षांत दोन महायुद्धे पाहिलेला हा माणूस विचारत होता की, वडीलधाऱ्यांनी सांगितले म्हणून लाखो तरुण मरायला आणि मारायला कसे निघतात. त्या आज्ञाधारकपणाचे मूळ त्याने पाळण्यात शोधले. शोध चुकीच्या जागी होता, याकडे मी पुढे येतो. पण प्रश्न खेळण्यांचा नव्हता. हेच चिझम १९४८मध्ये जागतिक आरोग्य संघटनेचे पहिले महासंचालक झाले, म्हणजे सांताक्लॉजने त्यांचे फार काही बिघडवले नाही.

सहा वर्षांनी अगदी उलट्या दिशेने हल्ला झाला. फ्रान्समधल्या दिजाँ शहरात २३ डिसेंबर १९५१ रोजी तिथल्या कॅथीड्रलच्या कठड्याला सांताक्लॉजचा, फ्रेंचांच्या ‘पेर नोएल’चा, पुतळा फासावर लटकवण्यात आला आणि मग चर्चच्या अंगणात जाळण्यात आला. पुतळे जाळणे आपल्याला नवे नाही. नवे हे की, हे धर्मगुरूंच्या संमतीने आणि चर्चशी जोडलेल्या मंडळांतल्या काहीशे मुलांच्या देखत झाले. आरोप असा की, हा उपरा ख्रिस्तजन्माची जागा बळकावतो आहे, आणि असत्याने मुलाच्या मनात धर्मभावना जागी होत नाही. शहर दुभंगले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता, दरवर्षीप्रमाणे, नगरपालिकेच्या छपरावर सांताक्लॉज मुलांना दर्शन देणार असल्याचे जाहीर झाले. शहराचे महापौर फेलिक्स कीर स्वतःच कॅथलिक धर्मगुरू. त्यांनी कुणाचीच बाजू घेतली नाही. कॅथीड्रलमध्ये मेलेला म्हातारा नगरपालिकेवर जिवंत झाला.

मानववंशशास्त्रज्ञ क्लोद लेव्ही-स्ट्रॉस यांनी यावर मार्च १९५२मध्ये एक लेख लिहिला. या विषयावर मी जे वाचले त्यात त्याच्या तोडीचे दुसरे काही नाही. त्यांनी पहिल्यांदा भूमिकांची अदलाबदल टिपली : चर्च खरेपणाच्या आणि चिकित्सेच्या बाजूने उभे, आणि एरवी धर्माची टर उडवणारे बुद्धिवादी एका भाबड्या समजुतीचे कैवारी. मग त्यांनी प्रश्नच उलटा केला. मुलांना सांताक्लॉज का आवडतो हे विचारू नका, मोठ्यांना तो निर्माण का करावासा वाटला ते विचारा.

उत्तरासाठी ते अमेरिकेच्या नैर्ऋत्येकडच्या प्वेब्लो लोकांकडे जातात. तिथे कात्सिना नावाचे देवतारूप पाहुणे ठरावीक ऋतूत गावात येतात, नाचतात, मुलांना खाऊ देतात, दटावतात. मुलांना ते खरे वाटतात. मुखवट्यांमागे गावातलेच बाप आणि मामा असतात, हे मुलाला विधिपूर्वक मोठ्यांत घेताना सांगितले जाते. दंतकथा अशी की, पूर्वजांच्या भ्रमंतीत नदीत बुडालेली मुले म्हणजे कात्सिना. ती परत येऊन गावातली मुले नेऊ लागली, तेव्हा लोकांनी विनवणी केली की, तुम्ही येऊ नका, आम्हीच दरवर्षी तुमचे सोंग घेऊन नाचू. म्हणजे सोंग मुलांना फसवायला सुरू झाले नाही. मुले जगावीत म्हणून मोठ्यांनी मृतांशी केलेला तो करार आहे. हिवाळ्याच्या ऐन अंधारात मुलांना भेटी देणे हीदेखील मरणाला लांब ठेवायची धडपड आहे, असे लेव्ही-स्ट्रॉस म्हणतात. मुलांनी विश्वास ठेवावा असे आपल्याला वाटते, कारण त्यांच्या आडून आपणही थोडा वेळ ठेवू शकतो.

हा विचार मोठा आहे. तरी त्यात मुलाची बाजू अपुरीच राहते. होपी समाजातल्या डॉन तलायेस्वा याचे आत्मकथन १९४२मध्ये प्रसिद्ध झाले. कात्सिनांनी वाटलेली मक्याच्या पिठाची पोळी, आपल्या मांड्यांसारखी पातळ, त्याने आधीच गावातल्या बायका भाजत असताना पाहिली होती. पुढे दीक्षेच्या वेळी मुखवट्याविना आलेल्या नाचणाऱ्यांत त्याला आपलेच नातलग दिसले आणि त्याला फार वाईट वाटले. त्याने हे म्हातारपणाकडे झुकताना सांगितले आहे. तेव्हाही तो ते विसरला नव्हता.

मग मुलांना खरोखर काय वाटते? हे मुलांनाच विचारायला विद्वानांनी बराच वेळ घेतला. १९९४मध्ये अँडरसन आणि प्रेंटिस या दोन अमेरिकन संशोधकांनी, सांताक्लॉजवरचा विश्वास उडालेल्या ५२ मुलांच्या मुलाखती घेतल्या आणि त्यांच्या आईबापांनाही प्रश्नावली दिली. बहुतेक मुलांनी सातव्या वर्षाच्या सुमारास स्वतःच छडा लावला होता. आणि त्यांना त्याचा प्रामुख्याने आनंदच झाला होता. दुःख झाले होते ते आईबापांना. या वादाचा शंभर वर्षांचा इतिहास ज्याने चाळला आहे त्याला हा निष्कर्ष वाचून आश्चर्य वाटू नये.

चिझम यांचा शोध चुकीच्या जागी होता म्हणालो, त्याचे कारण २००४च्या एका प्रयोगात मिळते. टेक्सासमधल्या जॅकलिन वूली आणि सहकाऱ्यांनी बालवाडीच्या मुलांना ‘खाऊची चेटकीण’ नावाची एक कोरी करकरीत व्यक्ती सांगितली. ती हॅलोविनच्या रात्री गोळ्या नेते आणि बदली खेळणे ठेवते. काही घरांत आईबापांनी संगनमताने तशी अदलाबदल केली. थोड्या मोठ्या मुलांत, ज्यांच्या घरी चेटकीण ‘येऊन गेली’ त्यांचा विश्वास अधिक पक्का निघाला. मुले इथे भाबडी नाहीत. ती पुरावा पाहून निष्कर्ष काढतात, म्हणजे आपण त्यांना जे शिकवू पाहतो तेच करतात. विचारशक्ती शाबूत असते. खोटा असतो तो पुरावा. तेव्हा बिघाड मुलाच्या डोक्यात शोधण्यापेक्षा अर्धे बिस्कीट कुणी खाल्ले ते विचारणे बरे.

राज्यकर्त्यांनाही या म्हाताऱ्याची गरज पडते, हे ओझरते सांगून टाकतो. अमेरिकन यादवीत १८६३च्या जानेवारीत थॉमस नास्ट या व्यंगचित्रकाराने सांताक्लॉजला राष्ट्रध्वजाचे कपडे चढवून उत्तरेच्या सैन्याच्या छावणीत नेले. सोव्हिएत रशियात विसाच्या दशकात नाताळवृक्षासकट सगळेच प्रतिगामी ठरले होते. २८ डिसेंबर १९३५च्या ‘प्रावदा’त पावेल पोस्तिशेव यांचे पत्र आले, मुलांसाठी झाड परत आणा म्हणून. झाड आले, नववर्षाच्या नावाने आले, आणि मागोमाग ‘देद मरोज’, म्हणजे हिमबाबा, हाही आला. पोस्तिशेव यांना १९३९मध्ये गोळी घातली गेली. हिमबाबा राहिला.

हा विषय मला परका राहिला नाही तो एका फोनमुळे. माझी भाची न्यू जर्सीत राहते. तिच्या सहा वर्षांच्या मुलाने वर्गात सांगून टाकले की, सांताक्लॉज बिताक्लॉज काही नसतो, आईच आणते. दोन मुली रडल्या. शाळेतून निरोप आला की, घरी काय मानता तो तुमचा प्रश्न, पण मुलाला इथे बोलू देऊ नका. तिथल्या ज्यू आणि इतर अख्रिस्ती कुटुंबांना हा अनुभव पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. मोठ्यांच्या अळीमिळी गुपचिळीत त्यांच्या मुलांना सामील व्हावे लागते, तेही कधी विश्वास ठेवण्याची मजा न चाखता. भाचीची अडचण मात्र वेगळीच होती. मुलाने त्या रात्री तिला विचारले, मग गणपतीबाप्पा? तो मोदक खातो का? ती मला म्हणाली, “मामा, आता काय सांगू?”

मी तिला विचारले, गणपतीपुढचे मोदक रात्री कुणी लपून खातो का आपल्याकडे? नैवेद्य सगळ्यांच्या देखत दाखवतात आणि सगळ्यांच्या देखत वाटून खातात. मूर्ती कुणाकडून आणली, माती कसली, रंग कुणी दिला, हे मुलाला ठाऊक असते. विसर्जनाला पाटापुढे तेच नाचत असते. देव मानायचा की नाही हे ते मोठे होऊन ठरवील. त्याला बनावट पुरावा कुणी दिलेला नाही, म्हणून त्याची फसवणूकही झालेली नाही.

गोव्यात याचे फार बोलके उदाहरण आहे. ख्रिस्तजन्मानंतर भेटी घेऊन आलेल्या तीन राजांचा सण ६ जानेवारीला येतो. स्पेनमध्ये हेच राजे सांताक्लॉजचे काम करतात. आदल्या रात्री मुले बूट मांडून ठेवतात, सकाळी भेटी मिळतात आणि गुपित तसेच कडेकोट पाळले जाते. पोर्तुगीजांबरोबर गोव्यात हा सण आला आणि इथे त्याने वेगळे वळण घेतले. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतला एकेक मुलगा राजा होतो. मुकुट आणि भरजरी झगा घालून, घोड्यावर बसून, तिघे तीन वाटांनी टेकडीवरच्या रेमेदियूश मातेच्या कपेलाकडे जातात. हा अमक्याचा नातू, तो तमक्याचा धाकटा, हे गावातल्या प्रत्येकाला माहीत असते. गेल्या वर्षी राजा झालेला पोरगा यंदा गर्दीत उभा असतो. कुणी कुणाला फसवत नाही. तरी घोडा जवळून गेला की म्हातारी माणसे हात जोडतात.

सोंग उघड असले म्हणून त्याची जादू जात नाही. हे एकदा मान्य केले की “वाढवावा की वाढवू नये” या प्रश्नाची धार बोथट होते. चार वर्षांच्या मुलाला सांताक्लॉजची गोष्ट सांगणाऱ्या आईला खोटारडी म्हणण्याइतका मी सोवळा नाही. त्या गोष्टीच्या हाती छडी देणे मला पटत नाही, आणि आठ वर्षांचे मूल डोळ्याला डोळा देऊन “खरे सांग” म्हणाले तर त्याला खरेच सांगावे, असे माझे मत आहे. ते विचारते तेव्हा पुष्कळदा त्याने ओळखलेलेच असते. आपण ओळखल्याचे मोठ्यांना चालेल का, एवढेच त्याला पाहायचे असते.

१९६२मध्ये फ्रेंच टपाल खात्याने पेर नोएलच्या नावाने येणाऱ्या पत्रांना उत्तर देण्यासाठी स्वतंत्र कचेरीच उघडली. पहिल्या उत्तराचा मजकूर लिहिला तो फ्रांस्वाज दोल्तो यांनी. त्या नावाजलेल्या बालमनोविश्लेषक, आणि टपालमंत्री जाक मारेत त्यांचे सख्खे भाऊ. पेर नोएल मुलाला आपला फोटो पाठवतो आणि पोस्टमन हुशार म्हणून त्याने मला हुडकले, असे सांगतो. सरकारी शिक्क्याचा हा बनावट पुरावाच म्हणायचा. पण दोल्तोबाईंनी त्यात धमकी घातली नाही आणि थोडे श्रेय खऱ्याखुऱ्या पोस्टमनला दिले, हे मला आवडते.

व्हर्जिनिया ओ’हॅन्लन पुढे शिक्षिका झाली. न्यूयॉर्कच्या सार्वजनिक शाळांत तिने सत्तेचाळीस वर्षे काढली आणि १९५९मध्ये निवृत्त झाली. लग्न झाले, पण नवरा मुलीच्या जन्माआधीच सोडून गेला. मुलगी तिने एकटीने वाढवली. १९३०मध्ये फोर्डम विद्यापीठात तिने डॉक्टरेट घेतली, तिचा विषय होता मुलांच्या आयुष्यातले खेळाचे महत्त्व. त्या स्फुटाने आपल्या आयुष्याला चांगले वळण दिले असे ती म्हणत असे. ‘सन’ १९५०च्या जानेवारीत बंद पडला. ती वारली १९७१मध्ये, चिझम गेले त्याच वर्षी. सांताक्लॉज आहे का, असे विचारणारी पत्रे जन्मभर तिच्याकडे येत राहिली. ती प्रत्येकाला उत्तर पाठवी, आणि सोबत त्या स्फुटाची एक प्रत जोडी.